एकाच पत्त्यावर वारंवार लिहू नये
दर मिनिटाला तापमानाची नोंद अर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेल्यावरही माहिती टिकवणाऱ्या स्मृतीत, एकाच पत्त्यावर (ठरावीक जागी) केली तर ती स्मृती किती टिकेल, असा प्रश्न आहे. या स्मृतीच्या प्रत्येक पेशीत ऑक्साइडच्या निरोधक थराने सर्व बाजूंनी वेढलेले एक तरंगते गेट (कशालाही न जोडलेला वाहक भाग) असते आणि त्यावर अडकलेले इलेक्ट्रॉन वीज गेल्यावरही वर्षानुवर्षे तिथेच राहतात, म्हणून नोंद टिकते. मात्र पुसताना वा लिहिताना जास्त व्होल्टेज देऊन त्यांना त्या पातळ थरातून आरपार न्यावे लागते आणि दर खेपेस थराची किंचित झीज होते. वाचताना ती होत नाही.

उनोवरील एटीमेगा ३२८पी चिपसाठी उत्पादक १,००,००० वेळा लिहिण्याची ग्वाही देतो. दर मिनिटाला एकाच पत्त्यावर लिहिल्यास ही मर्यादा जेमतेम ६९ दिवसांत संपेल. उलट, उपलब्ध १०२४ बाइटमध्ये ४ बाइटांच्या नोंदी २५६ जागांवर आळीपाळीने केल्यास हाच हिशेब ४८ वर्षांपर्यंत जातो. नोंदीतच अनुक्रमांक ठेवावा, म्हणजे वीज परत आल्यावर शेवटची नोंद शोधता येते. त्यासाठी शेवटच्या नोंदीची जागा सांगणारा वेगळा निर्देशांक दर वेळी एकाच जागी लिहिला, तर आधी तीच जागा झिजेल.