बॅरीमोर घराण्याचा वारसा

हॉलिवूडची नटी ड्र्यू बॅरीमोर हिला सगळं आयतं मिळालं, तरी ती वाया जायला निघाली होती, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. आयतं काय मिळालं? आजोबा जॉन बॅरीमोर नावाजलेले नट, पण दारूपायी पार खचून 1942 मध्ये गेले. वडीलही नटच, त्यांनाही दारूचं व्यसन आणि घरात मारझोड. तिने काम केलेला 'ई.टी.' हा गाजलेला चित्रपट आला तेव्हा ती 7 वर्षांची. पुढे ज्या वयात मुलीला वेळेवर झोपवायचं, त्या वयात आई तिला न्यूयॉर्कच्या नाइटक्लबात नेत होती! तेराव्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्र, चौदाव्या वर्षी कोर्टातून आईवडिलांपासून कायदेशीर मोकळीक. तरीही वडिलांच्या शेवटच्या आजारपणाचा खर्च तिनेच उचलला. मला तिचं मोठेपण तिथे दिसतं.