जादा टाकी झाली, आता विजेचा हिशोब

आयर्न बट रॅली, म्हणजे अमेरिकेतली अकरा दिवसांची लांब पल्ल्याची मोटरसायकल स्पर्धा. तिच्यासाठी गाडी कशी तयार करावी या प्रश्नावरच्या वरच्या प्रतिसादांत सगळा भर पेट्रोलच्या जादा टाकीवर आहे, आणि तो योग्यच आहे. या रॅलीत एका गाडीवरच्या एकूण इंधनाची मर्यादा ११.५ अमेरिकन गॅलन, म्हणजे साधारण ४३.५ लिटर. यामाहा एफजेआर १३०० या मोटरसायकलची मूळ टाकीच २५ लिटरची असल्याने मागे १८ लिटरची टाकी बसवली की भागतं.

पण विजेकडे कुणीच वळलेलं दिसत नाही. याच गाडीच्या २००६ नंतरच्या मॉडेलचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालणारा वीजनिर्मितीचा भाग, सुमारे ५९० वॅटचा. इंधनाचं इंजेक्शन, पेट्रोल पंप आणि हेडलाइट यांचा वाटा गेला की उरलेल्यात जादा दिवे, गरम जॅकेट, हँडलचे हीटर आणि जीपीएस बसवायचं. म्हणून दिवे एलईडीच घ्या, त्यांना रिले (विजेवर चालणारा स्विच) द्या आणि प्रत्येक जोडणीला स्वतंत्र फ्यूज ठेवा. डोळ्यासमोर व्होल्टमीटर हवाच. चालत्या गाडीत आकडा १३ व्होल्टच्या खाली रेंगाळू लागला की आधी जॅकेट बंद करावं, दिवे नाही. रात्री हरणं आडवी येतात.

सीटबद्दल एवढंच, की मऊ फोमच्या मोहात पडू नका. दोन तासांत तो दबतो आणि सगळा भार बसायच्या हाडांवर येतो. रुंद, घट्ट सीटच अकरा दिवस साथ देते.

आणि कृपया निघायच्या आदल्या आठवड्यात गाडीला हात लावू नका. नवीन वायरिंग किंवा नुकतंच केलेलं सर्व्हिसिंग हजारेक किलोमीटर, त्यातही थोडं पावसात, चालवून बघितलेलं असावं.