तळ्याकाठच्या फोटोतली उघड्या टपाची गाडी कोणती?

कोंडाजी_७१:
१९६० च्या दशकात जर्मनीत एका तळ्याकाठी काढलेला रंगीत फोटो आहे. गाडी पांढरी, दोन दारांची, टप मागे दुमडलेला. मागच्या मडगार्डांना टोकदार उंच फिन, म्हणजे माशाच्या परासारखे उंचवटे. पुढे जाळीच नाही, बॉनेट होडीच्या नाळेसारखं निमुळतं होत खाली उतरलंय. चाकांच्या मानाने गाडीचं अंग फार उंच वाटतं. मागच्या झाकणावर हवेसाठी फटी आहेत. इंग्लंडच्या ट्रायम्फ हेरल्डची कन्व्हर्टिबल म्हणावी, तर तोंड जुळत नाही.
त्याच पाकिटात दुसरा फोटो आहे. छोटी फियाट, दारं नाहीत, सीटा वेताच्या, वर झालरीचं छत. ही कोणती?

स्पॅनर_१३:
पहिली गाडी ॲम्फिकार ७७०. नाळ म्हणालात तिथेच उत्तर आलं, ती खरोखर पाण्यात चालणारी गाडी आहे. हान्स ट्रिपेल यांची रचना. १९६१ साली न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. उत्पादन १९६५ पर्यंत चाललं, उरलेल्या सुट्या भागांतून १९६८ पर्यंत गाड्या जोडल्या गेल्या. एकूण ३,८७८, त्यातल्या बहुतेक अमेरिकेत खपल्या. ७७० म्हणजे पाण्यात ताशी ७ आणि रस्त्यावर ७० मैल.

तिचं जे जे विचित्र दिसतं ते पाण्यापायी आहे. इंजिन ट्रायम्फ हेरल्डचं, पण मागे, म्हणून तोंडाला जाळी नाही आणि फटी मागच्या झाकणावर. फिन उंच, कारण मागचे दिवे पाण्याच्या वर राहायला हवेत. प्रोपेलर दोन, नायलॉनचे, मागच्या बंपरखाली आत दबलेले, त्यामुळे बाजूने काढलेल्या फोटोत दिसणार नाहीत. सुकाणू वेगळं नाही, पुढची चाकंच ते काम करतात. म्हणून ती होडीच्या मानाने सावकाश वळते.

हेरल्डशी गल्लत होते ती फिनमुळे. हेरल्डचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं, त्यामुळे चाकाच्या मागे उभी सांध दिसते. ॲम्फिकारला नुसतं छोटं झाकण, त्याखाली स्टेपनी. रंगही चारच होते: पांढरा, लाल, निळा आणि फिकट हिरवा. फोटो मोठा करून मागच्या टोकाला उभी काठी आणि तिच्यावर पांढरा दिवा दिसतो का बघा. तो होडीचा दिवा.

दुसरी गाडी फियाट ५०० जॉली, तुरिनच्या गिया कारखान्यात सजवलेली. समुद्रकाठच्या बंगल्यांसाठी आणि हॉटेलांसाठी. यात वेत हाच नाजूक भाग, उन्हाने तडकतो. बाकी सगळी साधी ५००.

कोंडाजी_७१:
मनापासून आभार. दोन शंका. दारं पाण्याखाली जातात तर पाणी आत कसं येत नाही? आणि इंजिन हेरल्डचं असेल तर आपल्याकडच्या स्टँडर्ड हेरल्डचे पार्ट चालतात का?

बिल्ज_पंप:
दाराला दोन कड्या असतात. नेहमीची एक आणि आतून ओढायची दुसरी, ती दार रबरावर घट्ट आवळते. दुसरी कडी न लावता गाडी पाण्यात घातली की गालिचे भिजलेच. रबर कुठे ढिलं आहे ते जमिनीवरच तपासावं: रबराला खडू फासायचा, दार आवळून लावायचं, उघडून चौकटीवर खडूची रेघ कुठे तुटली ते बघायचं. तुटली तिथून पाणी येणार.

पाण्यात उतरताना पहिला गिअर. चाकं तरंगली की मुख्य दांड्याशेजारचा छोटा दांडा प्रोपेलरला लावायचा आणि चाकं न्यूट्रल करायची. पाण्यात ब्रेक नाही, थांबायला प्रोपेलर उलटे फिरवायचे. बाहेर येताना मात्र पहिला गिअर आणि प्रोपेलर दोन्ही एकदम. टायर चिखलाला टेकले तरी वजन अजून पाण्यावर असतं, नुसती चाकं जागच्या जागी फिरतात. वर आल्यावर हळू चालवत ब्रेक दाबत राहायचं, ड्रम ओले असतात.

खरं काम त्यानंतरचं. तळाचा बूच काढायचा आणि किती पाणी निघतं ते मोजायचं. दर वेळी वाढत असेल तर सील गेलंय: आधी दारं, मग ॲक्सल बाहेर पडतात ती जागा, मग प्रोपेलरचे शाफ्ट. मग ग्रीस, १३ ठिकाणी, त्यातल्या एकासाठी मागची सीट काढावी लागते. नेमकी तीच जागा आळसाने राहते आणि तिथलंच बेअरिंग वाजतं. पुन्हा पाण्यात घालण्याआधी बूच आणि बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा) स्वतः तपासा.

पत्रा लोखंडी आहे, सडतो. खालच्या ठिगळाला पुट्टी चालत नाही, सलग वेल्डिंगच हवं. पाच-सहा बादल्या पाणी आत ओतायचं आणि खालून कुठे थेंब धरतो ते बघायचं. खाऱ्या पाण्यात घातलीच तर गोड्या पाण्याने आतूनबाहेरून धुवा, त्याच दिवशी.

स्पॅनर_१३:
पार्टांबद्दल: घराणं एकच, माप वेगळं. मद्रासच्या स्टँडर्डने हेरल्ड बनवायला घेतली ती ९४८ सीसीची, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६३ मिमी. ॲम्फिकारचं इंजिन ११४७ सीसी, बोअर ६९.३. स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) दोन्हींचा ७६. त्यामुळे पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट आपल्याकडची अजिबात घालू नका. ११४७ चे पार्ट हेरल्ड १२०० किंवा ट्रायम्फच्याच पहिल्या स्पिटफायरच्या नावाने मागवा. ३८ अश्वशक्तीचं, दमदार पण साधं यंत्र आहे. गिअरबॉक्स मात्र हर्मिस कंपनीचा, प्रोपेलरचे गिअर त्यातच, त्याला हेरल्डचं काहीच लागत नाही. विकत घेणाऱ्याने इंजिनाआधी त्याचा आवाज ऐकावा.

कोंडाजी_७१:
फोटो मोठा केला. मागे काठी आहे, वर दिवाही. आणि आधी लक्षात न आलेली गोष्ट म्हणजे दाराच्या साधारण मध्यावरून आडवी रेघ जाते, तिच्याखालचा पांढरा रंग ओला चकचकीत, वरचा कोरडा. गाडी नुकतीच पाण्यातून वर आलेली आहे.