सोरायसिस: मलम थांबवलं की चट्टे परत येतात, पुढे काय?

प्रश्न
कोपरं, गुडघे आणि टाळूवर चट्टे आहेत. क्लोबेटासोल (जोरदार स्टिरॉइड मलम) लावलं की खपल्या जातात, बंद केलं की तीन आठवड्यांत पुन्हा तेच. मलम किती आणि किती दिवस लावायचं? टाळूवर औषध लागू का पडत नाही? गोळ्यांकडे कधी वळायचं?

प्रतिसाद १
आधी मापाचं बघू, कारण बहुतेक जण एक तर फार कमी लावतात, नाहीतर महिनोन् महिने लावत राहतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. दोन तळहातांएवढ्या जागेला तेवढं पुरतं.

क्लोबेटासोल सलग दोन, फार तर चार आठवडे, आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या आत. चेहरा, काख, जांघ इथे नको, तिथली कातडी पातळ होते. त्या जागांसाठी टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नसलेलं मलम असतं. पहिले काही दिवस चुरचुरतं, त्याला घाबरून सोडू नका.

चट्टा सपाट झाला की मलम एकदम बंद करू नये. डॉक्टरांना विचारून सोमवार ते शुक्रवार कॅल्सिपोट्रिऑल (ड जीवनसत्त्वासारखं, स्टिरॉइड नसलेलं मलम) आणि फक्त शनिवार-रविवार क्लोबेटासोल, असं करता येतं. नुसती लाली उरली असेल तर तो डाग हळूहळू जातो, त्यावर स्टिरॉइड चोळत बसू नका.

प्रतिसाद २
टाळूचं कारण साधं आहे: औषध खपलीवर बसतं, कातडीपर्यंत पोचतच नाही. आधी खपली सैल करा. रात्री केसांचा एकेक भांग पाडत ३ ते ६ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं तेलकट मलम कातडीवर लावा, केसांवर नाही. सकाळी धुवा आणि सुटलेल्या खपल्या रुंद दातांच्या कंगव्याने हलकेच काढा. नखाने खरवडू नका; जिथे इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो. टाळू कोरडी झाली की मग स्टिरॉइडचं लोशन. कोल टार (कोळशाच्या डांबराचा) शाम्पू वापरत असाल तर पाच-दहा मिनिटं तसाच राहू द्या.

सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि कॅल्सिपोट्रिऑल एकावर एक लावू नका, अ‍ॅसिडने कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं. अल्ट्राव्हायोलेट किरणांच्या उपचाराआधीही सॅलिसिलिक अ‍ॅसिड लावायचं नाही, किरण अडतात.

प्रतिसाद ३
बोटांसकट आपला एक तळहात म्हणजे अंगाचा जवळपास एक टक्का. चट्टे दहा टक्क्यांवर गेले, किंवा तळहात, तळपाय, गुप्तांग यांवर त्रास देऊ लागले, की पुढच्या उपचारांचं बोला. नॅरोबँड यूव्हीबी (अल्ट्राव्हायोलेट किरणांचा उपचार) आठवड्यातून दोन-तीनदा असतं, साधारण २० ते ३० बैठका लागतात. मधेच खाडे झाले तर गुण येत नाही.

सकाळी अर्ध्या तासाहून जास्त सांधे आखडत असतील, बोट सुजून फुगलं असेल, तर सोरायसिस सांध्यांत उतरला असू शकतो; टक्के मोजत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. सांध्यांची हानी भरून येत नाही.

गोळ्यांपैकी मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्तीचा जोर कमी करणारं औषध) आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. ठरलेला वार पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा आणि सोबत दिलेलं फॉलिक अ‍ॅसिड (ब गटातलं जीवनसत्त्व) वेगळ्या वारी ठेवा. रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड यांच्या तपासण्या सुरू करण्याआधी आणि नंतरही ठरल्या वेळी. दारू बंद; गरोदरपणात हे औषध चालत नाही. बायोलॉजिक इंजेक्शनांआधी (प्रतिकारशक्तीतला ठरावीक घटक रोखणारी औषधं) क्षयरोगाची तपासणी लागते.

आणि कृपा करून प्रेडनिसोलोनच्या (स्टिरॉइडच्या) गोळ्या स्वतःहून घेऊ नका. त्या थांबवल्यावर अंगभर पूचे फोड उठू शकतात, सगळी कातडी लाल होऊ शकते.

प्रश्नकर्ता
मेथोट्रेक्सेट चालू असताना ताप आला तर?

प्रतिसाद ३
त्या आठवड्याचा डोस थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. तोंडात फोड, धाप किंवा अंगावर निळे डाग दिसले तरीही तेच. रक्तपेशी लगेच मोजाव्या लागतात. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा. कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक त्यासोबत अजिबात चालत नाही.