खपल्या उकरायची तलफ येते, हात आवरतच नाही

निशाचर:
कसं विचारू कळत नाहीये पण विचारतेच. मला हातावरच्या, खांद्यावरच्या पुटकुळ्या आणि खपल्या उकरायची सवय आहे, शाळेपासूनची. वाचताना, फोनवर बोलताना हात आपोआप जातो आणि कधी मुद्दाम आरशासमोर उभी राहून उकरते, वेळ कसा गेला कळत नाही, रक्त येतं, तेवढ्यापुरतं हलकं वाटतं आणि मग इतकी लाज वाटते की भर उन्हाळ्यात लांब बाह्या. घरचे म्हणतात, सोडून दे ना, जसं काही मी हौसेने करतेय. जीव द्यायचे वगैरे विचार नाहीत, स्वतःला शिक्षा म्हणूनही करत नाही. मग हे आहे तरी काय?

कोरा कागद:
याला स्किन पिकिंग म्हणतात, डॉक्टरी नाव एक्स्कोरिएशन डिसऑर्डर. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांची अमेरिकन यादी) तो वेगळा आजार म्हणून आला, ओसीडीच्या गटात, म्हणजे तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा होतात तो आजार. केस उपटायची तलफ म्हणजे ट्रायकोटिलोमेनिया, तोही त्याच गटात (ते नाव १८८९ चं, म्हणजे हे काही मोबाईलमुळे आलेलं खूळ नाही). मुद्दाम स्वतःला इजा करण्यापेक्षा हे वेगळं, इथे दुखवणं हा हेतू नसतो, ताण किंवा कंटाळा उतरवणं असतं किंवा त्वचा 'नीट' करायची असते. पण एकाच माणसात दोन्ही असू शकतं, तसे विचार कधी आले तर वाट न बघता कुणाला तरी सांग.

मधली सुट्टी:
मी केस उपटायचे त्यामुळे कळतंय. हॅबिट रिव्हर्सल ट्रेनिंग शोध, म्हणजे सवय मोडायची पद्धत, अझ्रिन आणि नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेली. आधी नुसतं बघायचं, हात कधी जातो, कुठे बसलेलं असताना, मनात काय चालू असतं, थांबवायच्या भानगडीत पडायचंच नाही. हा भाग सगळ्यांना फालतू वाटतो, मलाही वाटला होता, पण खरं काम इथेच होतं, कारण आपोआप जाणारा हात आधी लक्षात तर यायला हवा. मग हात निघाला की मूठ घट्ट वळायची किंवा हात मांडीखाली दाबायचे, मिनिटभर, तलफ ओसरेपर्यंत. ती चढते तशी उतरतेही. आणि आरशावरचा मोठा दिवा बंद, नखं बारीक, जखमेवर पट्टी, म्हणजे बोटाला खरखरीत काही लागतच नाही.

अर्धविराम:
मूठबीठ वळून मला काडीचा फरक पडला नाही, खरं सांगते. माझं सगळं ताणातून यायचं त्यामुळे थेरपिस्टकडे जाऊन तो ताणच आधी धरावा लागला. आणि बोटांना चाळा करायला काहीतरी लागतंच, मी खरखरीत कापडाचा तुकडा जवळ ठेवते.

कोरा कागद:
बरोबर, दोन्ही प्रकार असतात, नकळत होणारं आणि ठरवून होणारं, निशाचरला दोन्ही दिसतायत. सीबीटी (विचार आणि वागणं बदलायची थेरपी) करणारा आणि हॅबिट रिव्हर्सल येणारा थेरपिस्ट बघ. एन-अॅसिटिलसिस्टीन नावाच्या औषधावर अभ्यास झालेत, काहींना उपयोग होतो, सगळ्यांना नाही, मनाने सुरू करू नकोस, सायकिॲट्रिस्टला विचार. जखम लाल, गरम झाली, पू आला तर आधी त्वचेच्या डॉक्टरकडे, तिथे लाजू नकोस. आणि हो, केस उपटून गिळणारं कुणी वाचत असेल तर डॉक्टरांना हे नक्की सांगा, पोटात गोळा होऊ शकतो.

निशाचर:
आरशाचा दिवा आजच काढते. घरच्यांना काय सांगू पण?

मधली सुट्टी:
सांग की टोकू नका, ओरडलं की वाढतं. दिसलं तर नुसती हाक मारा, बाकी काही नको.