आक्षीचा पक्षी: मला तरी ग्रेट नॉट वाटतो

अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर काढलेल्या या फोटोतला पक्षी रेड नॉट असावा, असं वरच्या प्रतिक्रियांत दोघांनी म्हटलंय. रेड नॉट आणि ग्रेट नॉट हे दोन्ही एकमेकांसारखे दिसणारे किनारी पक्षी. माझं मत वेगळं आहे. चोच बघा. डोक्याच्या लांबीपेक्षा स्पष्ट मोठी आणि टोकाशी किंचित खाली झुकलेली. रेड नॉटची चोच साधारण डोक्याएवढीच आणि सरळ असते. शिवाय छातीवर काळपट ठिपके आहेत, ते बाजूंनीही उतरलेत.

आकाराचा अंदाज नुसत्या फोटोवरून घेऊ नका, मी स्वतः त्यात दोनदा फसलोय. पण इथे शेजारी ग्रे प्लव्हर हा दुसरा किनारी पक्षी उभा आहे आणि हा त्याच्यापेक्षा जेमतेम लहान दिसतोय. रेड नॉट इतका मोठा दिसला नसता.

उडतानाचा एखादा फोटो आहे का, धूसर असला तरी चालेल? ग्रेट नॉटची शेपटीच्या वरची जागा बरीचशी पांढरी दिसते, रेड नॉटची करडी, बारीक रेघांची. तिथे वाद मिटेल.

ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, नोंद टाकताना भरती-ओहोटीची वेळही लिहा. ग्रेट नॉट ईशान्य सैबेरियातल्या डोंगराळ टुंड्रात घरटं करतो आणि जागतिक पातळीवर संकटग्रस्त आहे. दक्षिण कोरियात 2006 साली सेमानगमचा समुद्री बांध पूर्ण झाला, या पक्ष्यांच्या स्थलांतराच्या वाटेतला मोठा चिखलपट्टा गेला आणि संख्या घसरली. म्हणून एकटादुकटा पक्षीही नोंदवायला हवा.

आणि हो, पुढच्या वेळी कुत्र्यांच्या आधी पोहोचा!