व्हाइट आल्बमची मोठी पेटी घ्यावी की तीन सीडीवालं पुरे?

जुनी_कॅसेट
मंडळी एक सल्ला हवाय. भाचा लेस्टरला असतो, दिवाळीला येतोय, फोनवर म्हणाला मामा सांग काय आणू, चॉकलेटं नको म्हणतोस मग काय आणू. मी जरा लाजतच म्हटलं बीटल्सच्या व्हाइट आल्बमची ती २०१८ ची पन्नास वर्षांची पेटी आहे ना, ती मिळते का बघ. सहा सीडी, एक ब्लू-रे आणि १६४ पानांचं जाडजूड पुस्तक. त्याने दुकानातून फोटो पाठवला, किंमत बघून मी दोन दिवस त्याला उत्तरच दिलं नाही. फोटोत शेजारीच त्याच आल्बमचा तीन सीडीचा सेट दिसतोय, मूळ तीस गाणी नव्या मिक्समध्ये (आवाज नव्याने जुळवून) आणि एशर डेमो, म्हणजे स्टुडिओत जायच्या आधी घरी उतरवलेली कच्ची गाणी. पेटीत म्हणजे त्याच्यावर अजून तीन सीडी, स्टुडिओतले पन्नास टेक, म्हणजे गाणं जमेपर्यंत परत परत वाजवलेले प्रयत्न.

माझं असं की हा आल्बम मी ऐकला तो मोठ्या भावाच्या टीडीके नव्वदवर, नाशिकला, त्याच्या मित्राने एलपीवरून उतरवून दिलेला. आल्बम ९३ मिनिटांचा आणि कॅसेट नव्वदची, त्यामुळे दोन्ही बाजूंना शेवटचं गाणं पूर्ण नाहीच. ए बाजूला ज्युलिया आणि बी बाजूला गुड नाइट, त्यांचा ड्रमर रिंगो गातोय गातोय आणि खट्. कित्येक वर्षं मला वाटायचं ते गाणं तसंच आहे, मुद्दाम तोडलंय, काहीतरी मोठा अर्थ असणार. नंतर मुंबईच्या ऱ्हिदम हाऊसमधून सीडी घेतली तेव्हा कळलं पुढे अजून आहे.

तर प्रश्न असा की ते पन्नास टेक एकदा ऐकून कपाटात जाणार का परत परत ऐकावेसे वाटतात? आणि नवीन मिक्समध्ये फार ढवळाढवळ केलीये का? स्ट्रीमिंगवर सगळं आहे हे माहितीये, ते सांगू नका प्लीज.


सदाशिव_फेंडर
तीन सीडीवालं घ्या. विषय संपला.

बरं नाही संपला, कारण सांगतो. सगळ्यात भारी माल एशर डेमोच आहे आणि तो तीन सीडीतच येतो. ऋषिकेशहून, महर्षींच्या आश्रमातून, परत आल्यावर मे १९६८ च्या शेवटी बीटल्स मंडळी जॉर्ज हॅरिसनच्या बंगल्यावर जमली, लंडनजवळ एशरला, आणि त्याच्या घरच्या अँपेक्स फोर-ट्रॅक मशीनवर (चार आवाज वेगवेगळे टेप करणारं) २७ गाणी उतरवून ठेवली. विजेची गिटार नाही काही नाही, आश्रमात जशी बसून बनवली तशीच. एकाच्याच आवाजावर परत त्याचाच आवाज चढवलाय आणि तो कुठे कुठे पाव सेकंद मागे राहतो, शाळेत प्रार्थनेला मागच्या रांगेतली पोरं राहतात तसा. मला तेच आवडतं.

मी स्वतः डिअर प्रुडन्स वाजवायला शिकलो त्याला आठ महिने लागले. सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवायची, अंगठा एका चालीत चालू ठेवायचा आणि बाकीची बोटं त्याच्या मधल्या जागेत. ही पद्धत जॉन लेननला डोनोव्हन या गायकाने ऋषिकेशलाच शिकवली, म्हणजे डेमोत तो ते वाजवतोय तेव्हा त्याला शिकून फार तर तीन महिनेच झालेत!! रेकॉर्डवर ते कळत नाही, वरून इतकं काही चढवलंय. डेमोत अंगठा स्वच्छ ऐकू येतो आणि शेवटी तो गाणं सोडून बोलायलाच लागतो, ही बाई कशी ध्यान करत खोलीत बसली आणि मग कशी बिघडली वगैरे, तिरकस. प्रुडन्स म्हणजे खरीच आश्रमातली प्रुडन्स फॅरो, खोलीबाहेर येईना म्हणून गाणं.

शिवाय जी गाणी आल्बमवर आलीच नाहीत ती इथे आहेत. चाइल्ड ऑफ नेचर ऐका, दुसऱ्या सेकंदाला म्हणाल अरे हे तर जेलस गाय. चाल तीच. १९६८ ला शब्दांत ऋषिकेशचा रस्ता होता, १९७१ ला लेननच्या इमॅजिन आल्बमवर आलं तेव्हा तो रस्ता जाऊन बायकोची माफी आली. जॉर्जचं सर्कल्स तर १९८२ ला त्याच्या सोलो आल्बमवर निघालं, चौदा वर्षं डब्यात.


खवट_म्हातारा
दोन्ही घेऊ नका. जुनी सीडी आहे ना तुमच्याकडे, ती पुसा आणि लावा.

मी सत्तरीला आलो. ही पन्नास वर्षांची, साठ वर्षांची पेटी म्हणजे भांड्याची खरवड खरडून परत त्याच गिऱ्हाईकाला विकणं आहे. जे त्यांनीच टाकून दिलं ते आपण का घ्यायचं? नॉट गिल्टीचा टेक क्रमांक १०२ आहे त्या पेटीत. एकशे दोन! आणि एवढं करून गाणं आल्बमवर घेतलंच नाही, त्यांना कळत होतं की काय घ्यायचं नाही ते.

अजून एक. पेटी ऐकून लोक म्हणतात भांडणं वगैरे सगळी दंतकथा, बघा किती हसतायत. अहो जुलैत जेफ एमरिक, त्यांचा इंजिनिअर, वातावरणाला कंटाळून निघून गेला. २२ ऑगस्टला खुद्द रिंगो गेला. बॅक इन द यूएसएसआरवर ड्रम पॉल मॅकार्टनीने वाजवलेत. रिंगो परत आला तेव्हा त्याचा ड्रमसेट फुलांनी सजवून ठेवला होता, नवरा-बायकोच्या भांडणानंतर गजरा आणतात तसा. पेटीत हसण्याच्या टेपा आहेत कारण हसण्याच्या टेपा निवडल्यात. लग्नाच्या आल्बममध्ये रुसवे-फुगवे कधी बघितलेत?


मिरजेची_तार
काका खरवड कधी खाल्लीच नाही का तुम्ही? आमच्याकडे तिच्यासाठी भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या 😄

पण मुद्द्याचं बोलते. माझे आजोबा आयुष्यभर खासगी मैफिलींच्या टेपा जमवत. एकाच गवयाचा एकच यमन, सांगलीचा वेगळा, कोल्हापूरचा वेगळा, एकात कुणीतरी खोकतंय, एकात कपबशा वाजतायत, एकात तंबोरा मधेच परत लावलाय. आणि त्यांना विचारलं की कंपनीची रेकॉर्ड आहे की याची, मग हे कशाला, तर म्हणायचे रेकॉर्डवर तो शहाण्यासारखा गातो. आपण अख्खी माणसं अशी ऐकत मोठी झालो आणि गोऱ्यांनी टेक काढले की म्हणायचं टाकाऊ? त्या पेटीतली सेशनची डिस्क मी तशीच ऐकते. हेल्टर स्केल्टर रेकॉर्डवर किती अंगावर येतं, आणि इथे जुलैतला टेक दोन आहे तो जवळजवळ तेरा मिनिटं, संथ, जड, सगळे एकाच जागी घुटमळतायत. सुरुवातीला मला वाटलं काय हे, मग चौथ्यांदा ऐकताना स्वयंपाक करता करता हात थांबला. रेव्होल्यूशनचा टेक १८ पण तसाच, दहा मिनिटांच्या वर, गाणं संपतं आणि आरडाओरडा सुरू होतो, त्या शेपटातूनच पुढे रेव्होल्यूशन नाइन निघालं. ते ज्यांना आवडत नाही (मला पण नाही) त्यांना निदान हे तरी कळतं की ते कुठून उगवलं.

आणि व्हाइल माय गिटारचा साधा टेक आहे त्यात पॉल हार्मोनियमवर. म्हणजे पेटीत पेटी 🙈


खवट_म्हातारा
ताई, मैफिलीला समोर माणसं बसलेली असतात, गवई त्यांच्यासाठी गातो. स्टुडिओतला टेक कुणी ऐकावा म्हणून वाजवलेलाच नसतो. तुमच्या आजोबांनी गवयाचा पहाटेचा रियाज दाराआडून टेप केला असता का?


मिरजेची_तार
केला होता. एकदा. कुणाचा ते सांगणार नाही.


टेपहेड_दादर
मी रेकॉर्डिंगच्या धंद्यात आहे, मिक्सबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. नवं मिक्स जाइल्स मार्टिनचं. त्याने २०१७ ला सार्जंट पेपर आल्बमचं केलं त्यात बराच हात चालवला होता, इथे त्या मानाने आवरतं घेतलंय. बेस आणि ड्रमला वजन आलंय, आवाज मधोमध घट्ट बसलेत, आणि लाँग लाँग लाँग जे जुन्या सीडीवर ऐकायला आवाज वाढवावा लागायचा आणि मग पुढचं गाणं सुरू झालं की शेजारी दार वाजवायचे ते आता नीट ऐकू येतं. मला पटलं. ज्यांना जुनंच हवं त्यांच्यासाठी पेटीतल्या ब्लू-रेवर मूळ मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) आहे. मोनोवर हेल्टर स्केल्टर लवकर संपतं, रिंगो बोटांना फोड आले म्हणून ओरडतो ते त्यात नाहीच.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. पेटीच्या सहाव्या सीडीवर अगदी शेवटाकडे द इनर लाइटचा टेक ६ आहे, नुसता वाद्यांचा. हे गाणं व्हाइट आल्बमचं नाहीच, मार्च १९६८ ला लेडी मॅडोना या सिंगलच्या (छोट्या तबकडीच्या) मागच्या बाजूला आलं, आणि बीटल्सच्या सिंगलवर आलेलं जॉर्जचं पहिलं गाणं ते हेच. तीन सीडीवाल्या सेटमध्ये ते नाही. आणि ते झालंय कुठे तर आपल्या फोर्टात, एचएमव्हीच्या स्टुडिओत, जानेवारी १९६८. जॉर्ज वंडरवॉल सिनेमाचं संगीत करायला मुंबईत आला होता, आशिष खान, शिवकुमार शर्मा, महापुरुष मिश्र अशी मंडळी, आणि ते काम चालू असताना हा एक ट्रॅक करून घेतला. बासरी हरिप्रसाद चौरसियांची. एकाही बीटलने त्यात वाद्य वाजवलेलं नाही. जॉर्ज फेब्रुवारीत लंडनला जाऊन त्याच्यावर गायला.

आता यातली गंमत. इथल्या स्टुडिओत तेव्हा मोनो मशीन. भास्कर मेनन, एचएमव्हीचे, यांनी जॉर्जसाठी कलकत्त्याहून टू-ट्रॅक स्टिरिओ मशीन आणलं, ट्रेनने. हे जॉर्जनेच नंतर सांगितलेलं आहे. म्हणजे बघा, तिकडे त्याच वर्षी आठ ट्रॅकवर जायची तयारी आणि इकडे दोन ट्रॅकसाठी कलकत्ता मेल. दोन ट्रॅक म्हणजे काय हे आजच्या पोरांना कळणार नाही. बासरी जोरात झाली तर नंतर खाली आणता येत नाही, माणसालाच दोन पावलं मागे बसवायचं, तिथेच तुमचं मिक्सिंग झालं. आणि खोली साउंडप्रूफ नाही, संध्याकाळी साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावरच्या पायांचा आवाज आत, मग रेकॉर्डिंग बंद. मी फोर्टात सात वर्षं नोकरी केली, साडेपाचचा तो आवाज मला माहितीये, अख्खी बिल्डिंग चर्चगेटची गाडी पकडायला उतरते.

टेक ६ मी हेडफोनवर ऐकलाय कितीदा तरी. गाणं नसल्यामुळे बासरी आणि सरोद एकमेकांना कशी वाट करून देतात ते उघडं पडतं, आणि पुन्हा संथ झालं की खोली ऐकू येते. त्या खोलीचा आवाज लंडनच्या कुठल्याच टेकला नाही. त्या एका ट्रॅकसाठी पेटी घ्या असं म्हणत नाही, पण विचारलंत म्हणून सांगितलं.


सदाशिव_फेंडर
दादा हे माहितीच नव्हतं, मी ती सीडी शेवटपर्यंत कधी ऐकलीच नाही 😬 ज्युलिया झालं की बंद करायचो


जुनी_कॅसेट
बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, काका तुमचे पण. काल रात्री फोनवर स्ट्रीमिंगवरच (हो हो माहितीये) आधी टेक ६ ऐकला, मग गुड नाइट शोधलं. पेटीत त्याचा टेक १० आहे. रेकॉर्डवर कसं मोठा ऑर्केस्ट्रा आणि कोरस आहे, बाकीचे तिघे त्यात कुठेच नाहीत. इथे नुसती गिटार, रिंगो गातोय आणि मागे जॉन, पॉल, जॉर्ज तिघं त्याला सूर देतायत, हळू, झोपलेल्या पोराच्या खोलीत बोलावं तसं. मी भावाला लिंक पाठवली. तो आता साठीचा आहे, सांगलीला असतो, रात्री साडेअकराला त्याचा फोन. म्हणाला हे आपल्या कॅसेटवर जिथे तुटायचं ना, तिथे मी अजून दचकतो.

भाच्याला पेटी आण म्हणून कळवलंय, भाऊ अर्धे पैसे देतोय. आता भाचा म्हणतो मामा तीन किलोच्या वर असेल, बॅगेत तुझ्या बहिणीने सांगितलेल्या गोष्टी आधीच आहेत. बघू.

शेवटचं एक विचारतो, माझ्याकडे ब्लू-रे नाही, जुना डीव्हीडी प्लेयर आहे फक्त, टीव्हीखालचा. सीडी त्यात चालतील ना?


टेपहेड_दादर
सीडी चालतील. ब्लू-रे नाही चालणार. लेन्स आधी साफ करून घ्या, आणि तो टीव्हीच्या स्पीकरला लावू नका हात जोडतो.


खवट_म्हातारा
आली की त्या जॉन-पॉलच्या मागच्या सुरांचा टेक मला पाठवा. फक्त तेवढाच.